कार्ल्याला जा, पण दोन्ही दारांत थांबा

एकवीरेच्या डोंगरावर पुण्याहून जाणारी माणसं साधारण दोन तऱ्हेची असतात. पहिली तऱ्हा कुळाचाराची. लग्न झालं की जोडीनं जायचं, मूल झालं की त्याला देवीच्या पायांवर घालायला न्यायचं, नवी गाडी आली की तिला हार घालून आणायची. ही मंडळी पायऱ्या चढतात, रांगेत उभी राहतात, ओटी भरतात, प्रसाद घेतात आणि उतरायला लागतात. देवळाला अगदी लागून भारतातलं सगळ्यांत मोठं कोरीव चैत्यगृह आहे. त्याच्याकडे पाहून कुणीतरी म्हणतं, ‘ते लेणं ना? शाळेच्या सहलीत बघितलंय.’ झालं. विषय संपला.

दुसरी तऱ्हा लेणंवाल्यांची. पाठीला सॅक, गळ्यात कॅमेरा, सोबत माहितगार माणूस. यांना चैत्याच्या कमानीखालची वेदिका दिसते, पण दारातलं देऊळ दिसत नाही. म्हणजे दिसतं, ते फोटोच्या आड येणारी अडचण म्हणून. रांगेतली कोळणीची भरजरी साडी, केसांतला गजरा, देवीसाठी मुंबईहून उराशी धरून आणलेला नारळ या सगळ्याला यांच्या लेखी ‘गर्दी’ असं एकच नाव आहे.

दोन्ही तऱ्हांना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन्हीकडे थांबा. देवीकडे जाणाऱ्यांनी लेण्याला एक तास द्यावा, आणि लेण्याला जाणाऱ्यांनी देवीच्या रांगेत एकदा तरी उभं राहावं. भक्ती नसली तरी चालेल. दोन हजार वर्षं माणसं या एकाच डोंगरावर काहीतरी मागायला आणि काहीतरी द्यायला चढत आली आहेत. त्यातलं निम्मं बघून परत यायचं असेल, तर एवढे गुडघे दुखवून घेण्यात अर्थ नाही.

आधी कधी जायचं ते ठरवू. रविवार सोडा. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार, तेही सोडा. नवरात्रही सोडा. चैत्रातल्या यात्रेबद्दल पुढे बोलतो. नेहमीच्या पुणेकरानं मार्गशीर्ष-पौषातला एखादा बुधवार किंवा गुरुवार धरावा. रजा टाकावी लागेल, हे खरं. लोणावळ्याला पावसात भिजायला आपण रजा टाकतोच की.

आणि गाडी घरी ठेवा. लोणावळ्याच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी काय होतं ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. पुणे-लोणावळा लोकल पकडायची आणि लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे, मळवलीला उतरायचं. शिवाजीनगरहून साधारण सव्वा तास. वाटेत खिडकीतून बघण्यासारखंही बरंच आहे. देहूरोड येतं, तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्ती बसवली, नागपूरच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. तळेगाव गेलं की डोंगर जवळ येऊ लागतात, इंद्रायणी कधी या अंगाला तर कधी त्या अंगाला दिसते, आणि कामशेत मागे पडलं की डाव्या हाताला विसापूर आणि लोहगड उभे राहतात. एक सूचना मात्र गाठीला बांधा. दुपारी या लोकलला मोठा खंड असतो. जाताना सकाळची आणि येताना संध्याकाळची गाडी धरा, आणि निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघा. मळवलीच्या बाकावर दोन तास बसून राहण्याची वेळ आलेले पुणेकर मला बरेच माहीत आहेत.

मळवलीला उतरलात की कार्लं उत्तरेला आणि भाजे दक्षिणेला. सकाळच्या गारव्यात आधी भाजे करा. स्टेशनापासून दोन-अडीच किलोमीटर, एक्सप्रेस-वेवरचा पूल ओलांडून गाव, आणि गावातून पायऱ्या. पायात बळ असेल तर चालत जा. भाजे आधी का, याला कारण आहे. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनाच्या आधीचं, दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. कार्ल्याचं त्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी पूर्ण झालेलं. भाज्याचे अष्टकोनी खांब साधे आहेत, त्यांना ना बैठक ना डोकं, आणि ते सगळे आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी सभागृहात वरच्या छपराचा भार पेलायला खांब असेच कलते रोवावे लागत. दगडात त्याची काही गरज नव्हती, पण कोरणाऱ्याच्या हाताला लाकडाची सवय होती. हे डोळ्यांत भरून घ्या आणि मग कार्ल्याला जा. तिथले खांब सरळ उभे आहेत, त्यांच्या पायाशी घट आहेत आणि माथ्यावर हत्ती आहेत. कुणी न सांगता तुम्हाला कळेल की मधल्या काळात कारागीर दगडाला सरावला. आधी कार्लं बघून मग भाज्याला गेलात, तर भाजे उगाच ओकंबोकं वाटेल.

जेवण बरोबर न्या. पोळी-भाजी, दह्याचा डबा, पाणी. मळवलीच्या आसपास खायला मिळतं, पण हवं तेव्हा हवं ते मिळेलच असं नाही.

मळवलीहून कार्ल्याच्या डोंगराचा पायथा चारेक किलोमीटर. रिक्षा मिळते, भाडं आधी ठरवून घ्या, म्हणजे दोघांचाही दिवस चांगला जातो. पायथ्याचं गाव वेहेरगाव. अर्ध्या डोंगरापर्यंत गाडीरस्ता आहे, तिथून वर पायऱ्या. ज्यांना जमतं त्यांनी पायथ्यापासून चालावं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वाहनतळापर्यंत रिक्षानं जावं आणि त्यात कमीपणा मानू नये. पायऱ्या काहीशे आहेत, सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. सत्तरीच्या आईला नेणार असाल तर तिला तिच्या वेगानं चढू द्या. ‘आता थोडंच राहिलंय’ असं दर दहा पायऱ्यांनी सांगू नका. तिला ते खोटं आहे हे कळतं. रोपवेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तो होईल तेव्हा होईल.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. नारळ, ओटीचं सामान, खण, हळद-कुंकू, देवीच्या तसबिरी, लिंबू सरबत. पूजेचं सामान घ्यायचं असेल तर इथूनच घ्या. या लोकांचं पोट या डोंगरावर आहे. फक्त दुकानदाराला सांगा, प्लास्टिकची पिशवी नको. घरून कापडी पिशवी आणायला विसरला असाल तर ओढणी आहे, उपरणं आहे, रुमाल आहे.

वर पोचलात की समोरच देवीचं देऊळ. एकवीरा ही मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळी-आगरी लोकांची कुलस्वामिनी. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची आणि इतरही अनेक घराण्यांची. ठाकरे कुटुंबाची कुलदेवता म्हणून तिचं नाव बातम्यांतही येतं. तिला रेणुकेचं रूप मानतात. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, अशी कथा सांगतात. ही कथा ऐकून लेणंवाल्यांनी लगेच इतिहास समजावायला घेऊ नये. कथा सांगणाऱ्या आजीला शिलालेखाचा पुरावा नको असतो. तिला फक्त ही जागा फार जुनी आहे एवढं म्हणायचं असतं, आणि त्यात ती चुकीची नाही.

रांगेत उभे राहा आणि आजूबाजूला बघा. समुद्राकाठची ही माणसं घाट चढून इतक्या लांब डोंगरावरच्या देवीकडे का येत असतील, असा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. त्याचं एक उत्तर भूगोलात आहे. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत उतरलेला माल बोरघाटातून वर यायचा आणि पुढे जुन्नर, पैठण, तेरच्या दिशेला जायचा. घाट चढून आलं की पहिला सुखाचा टप्पा म्हणजे हे मावळातलं खोरं. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी याच वाटेच्या आसपास खोदली गेली आहेत, ती उगाच नाही. समुद्र आणि हा डोंगर यांच्यातलं येणं-जाणं देवळाच्याही आधीचं आहे. पुण्यात राहून हे खोरं, या वाटा आणि इथल्या देवींचा पायी हिंडून अभ्यास केला तो दामोदर धर्मानंद कोसंबींनी. गणिताचा माणूस, पण मावळातल्या माळरानांवर शेंदूर फासलेले दगड शोधत फिरला. आजचं देवीस्थान बऱ्याचदा जुन्या वाटांच्या तिठ्यावर किंवा जुन्या लेण्याच्या शेजारी का सापडतं, हा त्यांचा प्रश्न. १९६२ साली निघालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यावर सविस्तर लिहिलेलं आहे. त्यांची सगळी अनुमानं मान्य करायला हवीत असं नाही, पण देऊळ आणि लेणं एकाच नजरेत धरायचं कसं, हे शिकायला त्यांच्यासारखा गुरू नाही.

दर्शन झालं की लगेच उतरू नका. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढा आणि लेण्याच्या आवारात या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. लेणं संध्याकाळी पाचच्या सुमाराला बंद होतं, म्हणून तीनपर्यंत आत पोचलेलं बरं. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी आत अंधार असतो, फोटोही धड येत नाहीत आणि डोळ्यांनाही काही लागत नाही. दुपार कलली की दर्शनी भिंतीतल्या मोठ्या कमानीतून ऊन आत शिरतं. भाजे सकाळी आणि कार्लं दुपारी, यामागे हेही एक कारण आहे.

आत शिरण्याआधी बाहेर डाव्या बाजूचा स्तंभ बघा. सोळा कोनांचा, माथ्यावर चार सिंह. गोतीचा मुलगा महारठी अग्निमित्रणक यानं तो दिला, असं त्यावर कोरलेलं आहे. असाच दुसरा स्तंभ उजवीकडे असावा, आणि त्याच जागेवर आज देवीचं देऊळ उभं आहे, असं अभ्यासक मानतात. यावरून कपाळाला आठ्या घालणारे भेटतात. मी म्हणतो, आठ्या घालून स्तंभ परत येणार नाही. चैत्य बौद्धांचा आहे, हे त्यावरचे लेख स्वच्छ सांगतात. देवीची भक्तीही पिढ्यान्‌पिढ्या जिवंत आहे, हे रांग सांगते. ‘मुळात ही जागा कुणाची’ हा वाद घालायला पुण्यात कट्टे भरपूर आहेत. इतकं चढून आल्यावर तरी बघण्यात वेळ घालवा.

व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तीन-तीन हत्ती आहेत. सगळी इमारत आपल्याच पाठीवर आहे अशा थाटात उभे. दारांच्या मधल्या भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. त्यांच्या शेजारच्या बुद्धमूर्ती मात्र नंतरच्या, काही शतकांनी कोरलेल्या. लेणं पहिल्यांदा खोदलं तेव्हा इथं बुद्धाची मूर्ती नव्हती. पूजा स्तूपाची होती. मुलं बरोबर असतील तर त्यांना हा फरक शोधायला सांगा. जोड्यांचा दगड आणि बुद्धमूर्तींची मांडणी यांत कुठेतरी सांधा लागत नाही, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर दिसतं.

आत गेल्यावर सरळ स्तूपाकडे धावू नका. दारातच उभे राहा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. हे सभागृह १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि ४६ फूट उंच आहे. आणि ते बांधलेलं नाही. काळ्या कातळात वरून खाली खोदत आणलेलं आहे. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. चूक झाली तर दगड परत लावता येत नाही. आता मान वर करा. छताला कमानीसारख्या वाकवलेल्या लाकडी फासळ्या आहेत. त्या सागवानी आहेत आणि मूळच्या आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेलं लाकूड आजही जागच्या जागी आहे, स्तूपावरच्या लाकडी छत्रासकट. गंमत अशी की या फासळ्या काहीही पेलत नाहीत. छत कातळाचं आहे; त्याला लाकडाच्या टेकूची गरज नाही. पण सभागृह म्हटलं की लाकडी फासळ्या हव्यात, त्याशिवाय ते सभागृह वाटणार नाही, असं त्या काळच्या डोळ्यांना वाटत होतं. मला या लेण्यातली सगळ्यांत माणुसकीची गोष्ट हीच वाटते.

खांब मोजा. डावीकडे पंधरा, उजवीकडे पंधरा, स्तूपामागे अर्धवर्तुळात सात साधे. सदतीस. बाजूच्या तीस खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आहेत आणि त्यांवर स्वार, बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष. आता खांबाला वळसा घालून बाजूच्या चिंचोळ्या वाटेत जा आणि त्याच खांबाचा मागचा भाग बघा. तिथं हत्तींच्या जागी घोडे सापडतील. बहुतेक माणसं मधूनच जातात आणि मधूनच येतात, त्यामुळे घोडे बघायचे राहून जातात.

आणि आता लेख. हे लेणं एका राजानं खोदवलं असं समजू नका. इथल्या खांबांवर, भिंतींवर, दारावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत देणगीदारांची नावं आहेत, आणि ती वाचली की सबंध बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा सेठी म्हणतो की हे शैलगृह आपण पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. बढाई आहे, पण चैत्यगृहांपुरती खोटी नाही. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा तशाच परदेशी वंशाच्या लोकांनी, एकेक खांब दिला आहे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्यानं दाराचा खर्च केला, आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुतारानं दार घडवलं. त्याच्या बापाचं नाव वेणुवास, तेही लिहून ठेवलेलं आहे. सोपाऱ्याहून आलेल्या एका भिक्षूचाही खांब आहे. हे धेनुकाकट कुठलं, यावर पंडितांचं एकमत नाही. कोसंबींचा रोख इथल्याच पायथ्याच्या देवघर गावाकडे होता.

ब्राह्मी येत नाही म्हणून हे सोडून देऊ नका. एकच शब्द शिकून जा, ‘थभो’, म्हणजे खांब. त्यातला ‘थ’ म्हणजे वर्तुळ आणि मध्ये टिंब. आणखी हौस असेल तर ‘दानं’मधला ‘न’ शिका. उभी काठी आणि तिच्या पायाशी आडवी रेघ. मोबाइलचा दिवा खांबावर समोरून न मारता बाजूनं, तिरपा धरा. समोरून दिवा मारला की अक्षरं सपाट होऊन नाहीशी होतात. तिरपा धरला की खाचांत सावली भरते आणि ओळ उठून दिसते. दहा वर्षांच्या मुलाला वर्तुळातलं ते टिंब सापडलं की तो पुढचा अर्धा तास तुम्हाला त्रास देणार नाही. बोट मात्र लावू द्यायचं नाही.

भिंतीवरच्या मोठ्या लेखांत राजकारणही आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं इथल्या भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी एक गाव दिलं. पुढे सातवाहनांच्या गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं, तरी भिक्षूंना गाव देण्याचा हुकूम त्यानं पुन्हा काढला. तो हुकूम ज्या अमात्याला उद्देशून आहे तो ‘मामाल’चा. आपलं मावळ. सरकार बदललं, गावाचं दान कायम राहिलं. सात-बारा सांभाळणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

चैत्य झाला की शेजारचे विहार बघा. इथं खोल्या आहेत, दगडी ओटे आहेत, पाण्याची टाकी आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम. मावळातला पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला त्या नियमाचं शहाणपण पटेल. इथंच उभं राहून खाली बघा. जुना मुंबई-पुणे रस्ता, रेल्वे, एक्सप्रेस-वे, सगळे एकाच खोऱ्यातून एकमेकांना चिकटून गेलेले दिसतात. पलीकडे लोहगड. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांतला हा एक. कार्ल्याला तो मान अजून नाही, पण बघणाऱ्याचं त्यानं काही अडत नाही.

आता थोडं वागण्याबद्दल. स्तूपापुढे बौद्ध बांधव वंदना करत बसलेले असतील तर मागे थांबा, त्यांची वंदना होऊ द्या, मध्ये उभं राहून सेल्फी काढू नका. तुम्ही देवीपुढे हात जोडून उभे असताना कुणी तुमच्या पुढ्यात कॅमेरा नाचवला तर जसं वाटेल, तसंच त्यांना वाटतं. या सभागृहात आवाज फार घुमतो. एकदा टाळी वाजवून बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, एकदाच वाजवा. लेण्याच्या दगडाला हळद-कुंकू, गुलाल लावू नका. ते लावायला शेजारी देवी आहे, आणि तिला ते आवडतं. दगडावर नाव कोरणाऱ्याला कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१० साली ही शिक्षा वाढवली आहे. कुणी कोरताना दिसलं तर भांडू नका, रखवालदाराला सांगा. तो तेवढ्यासाठीच तिथं आहे.

देवीकडे रीती वेगळ्या आहेत, त्याही समजून घ्या. कोळी-आगरी घरांत देवीला कोंबड्या-बकऱ्याचा मान देण्याची रीत आहे. सदाशिव पेठेतल्या मंडळींना ते रुचणार नाही. नका बघू. पण ‘काय हे अडाणीपण’ असं मोठ्यानं म्हणायचं कारण नाही. ज्या घरातला पुरुष होडी घेऊन समुद्रात जातो, त्या घरानं आपल्या आईला काय द्यावं, हे आपण ठरवू नये. यात्रेच्या काळात पशुहत्येवर आणि फटाक्यांवर प्रशासन बंदीचे हुकूम काढतं. ते पाळायला लावणं पोलिसांचं काम, आपलं नाही.

यात्रेचं राहिलं. चैत्र शुद्ध षष्ठीला पायथ्याच्या देवघर गावात देवीचा भाऊ काळभैरवनाथ याच्याकडे कार्यक्रम असतो, सप्तमीला डोंगरावर देवीची पालखी निघते. किनाऱ्यावरच्या गावांतून माणसं पालख्या घेऊन चालत येतात. लाखोंची गर्दी असते, लेणं बघायला मिळत नाही. म्हणून लेण्यासाठी हा दिवस नव्हे. पण एकदा तरी सप्तमीला जायला हरकत नाही. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना घरी ठेवून, पायात घट्ट बूट घालून, खिशात फक्त तिकिटाचे पैसे घेऊन. एकवीरा आईच्या नावाचा उदो उदो पायथ्यापासून ऐकू यायला लागतो, आणि मग आपले पाय आपले राहत नाहीत.

पावसाळ्याचं म्हणाल, तर आषाढ-श्रावणात डोंगर अप्रतिम हिरवा असतो आणि त्याच वेळी तो सगळ्यांत धोक्याचाही असतो. लेण्याच्या शेजारी कातळावरून धबधबे उतरतात. त्यांच्याखाली उभं राहायला गर्दी होते. पाण्याबरोबर दगडही येतो, हे लक्षात ठेवा. पायऱ्या शेवाळतात. वयस्कर माणसांना या दिवसांत नेऊ नका. जोराचा पाऊस चालू असेल तर लोकलमध्ये बसूनच हिरवा डोंगर बघा आणि लोणावळ्याहून त्याच पावली परत या. तीही सहल वाईट होत नाही.

ज्यांना एवढा दिवस काढणं जमणार नाही त्यांनी निदान जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर बघून यावं. तेही कातळात खोदलेलंच, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. संभाजी बागेच्या शेजारी, बसस्टॉपच्या समोर. तिथला गोल नंदीमंडप बघितला की एकाच दगडातून जागा कोरून काढणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो. मुलांना कार्ल्याला नेण्याआधीच्या रविवारी सकाळी तिथं नेलंत, तर पुढच्या बुधवारी डोंगर चढताना ‘अजून किती’ थोडं कमी ऐकावं लागेल.

परतीला मळवलीहून संध्याकाळची लोकल. ती लोणावळ्याहून येते, आणि कामावरून परतणाऱ्यांनी तळेगावनंतर भरते, तेव्हा मळवलीला बसायला जागा मिळते. पुढच्या खेपेला कामशेतला उतरून बेडसे करा. तिथं देवीची रांग नाही, दुकानं नाहीत, आणि व्हरांड्यातल्या खांबांवर कार्ल्याच्या आधीचे हत्ती-घोडे आहेत.